त्याला म्हणावं, त्यांना म्हणावं

"मंदा, त्याला म्हणावं, पाहुणे चारला येणार आहेत, दाढी करून घे."

मामंजी हे बोलले तेव्हा 'तो', म्हणजे आमचे हे, त्यांच्यापासून दोन हातांवर पाटावर बसून चहा पीत होते. कान शाबूत होते, झोपेतही नव्हते. कपातून वरही न बघता ते म्हणाले, "मंदा, त्यांना म्हणावं, पाहुणे चारला येणार आहेत, टोपी बदलून घ्या."

आता मी मधे बोलायचं, मगच ते एकमेकांना ऐकू गेलं असं धरायचं, अशी आमच्या घरची रीत. मी तोंड उघडलं. आतून नुसता वारा आला. आदल्या दिवशी काळ्या तिखटाच्या मिरच्या भाजताना असा काही ठसका लागला होता की रात्रीपासून घसा घोगरा होता, आणि सकाळी आवाजाचा पत्ताच नाही. मी गळ्याकडं बोट केलं, हात हलवले. दोघंही आशेनं माझ्याकडं बघत बसले. एकाची दाढी अडली, दुसऱ्याची टोपी अडली.

माझी नणंद उज्ज्वला दारात केस पुसत उभी होती. तिला हसू आवरेना. "झालं! वहिनीचा घसा बसला. आज घरात संप!"

हसली खरी, पण लगेच तिचा चेहरा उतरला. का उतरला ते मला ठाऊक होतं.

बार्शीत आमचं भांड्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. लग्नसराईत भांड्यांवर नावं घालून घ्यायला गर्दी व्हायची. मामंजी छिन्नी-हातोडीनं एकेक टिंब मारत नाव घालायचे. मग ह्यांनी पुण्याहून विजेचं मशीन आणलं. एक दिवस गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं असताना हे म्हणाले, "अण्णा, तुमची अक्षरं आता वाकडी पडायला लागली, द्या इकडं," आणि त्यांच्या हातातली घागर काढून घेतली. मामंजी म्हणाले, "आजपासून तू माझ्याशी बोलू नकोस." माणूस रागात किती काय बोलतो! पण कोळपकरांच्या घराण्यात शब्द म्हणजे शब्द. हे बोलले नाहीत, म्हणून मामंजी बोलले नाहीत. मामंजी बोलले नाहीत, म्हणून हे बोलले नाहीत.

गंमत बघा, त्याच दिवशी जेवताना मामंजी सासूबाईंना म्हणाले होते, "त्याला म्हणावं, भात घे." राग होता, पण पोरगं उपाशी उठायला नको होतं. तिथून ते 'म्हणावं' सुरू झालं. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई मधे बसून दोघांची ने-आण करत होत्या. वर्षभरात त्या गेल्या आणि त्यांची दोन कामं माझ्या वाट्याला आली, देवाची फुलं आणि बापलेकांची बोलणी.

आणि बोलणी तरी कशी? एकानं ज्या चालीवर वाक्य टाकलं, त्याच चालीवर दुसरा परत करणार. "त्याला म्हणावं, माल तू आणलास तर तूच लाव." "त्यांना म्हणावं, भाव तुम्ही ठरवला तर तुम्हीच विका." उजू म्हणायची, "वहिनी, हे भांडतायत का भेंड्या लावतायत?" एकदा मी तिला विचारलं, ह्यांना दरवेळी तसंच्या तसं बोलायला सुचतं कसं? ती म्हणाली, "सुचायचंय काय त्यात? ऐकलेलं वाक्य तोंडात असतंच. त्यातले दोन शब्द बदलायचे की झालं. नवीन कोण जुळवत बसणार? तूच बघ ना, लग्न करून आलीस तेव्हा असं कुठं बोलत होतीस? आता माझ्याशी बोलतानासुद्धा म्हणतेस, उजूला म्हणावं, जेवायला ये!"

मी "चल, काहीतरीच!" म्हणून तिला उडवून लावलं होतं.

तर त्या उजूला बघायला त्या दिवशी कुर्डुवाडीचे डांगरे येणार होते. मुलगा विश्वास रेल्वेत होता. एका लग्नात दोघांनी एकमेकांना बघितलं होतं आणि उजूच्या मनात तो भरला होता, हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. याआधी फलटणचं स्थळ जमत आलेलं मोडलं होतं. त्यांना कुठूनतरी कळलं, ह्या घरात बापलेकांचा अबोला आहे. "जिथं बाप पोराशी बोलत नाही, तिथली पोरगी आमच्या घरात काय बोलणार?" असा निरोप आला. उजू तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. आता डांगऱ्यांना कळलं तर हेही गेलंच.

म्हणून ती वडिलांपुढं जाऊन बसली. "अण्णा, आजचा एक दिवस. पाहुण्यांसमोर दादाशी बोला."

"त्यानं आधी बोलावं, मग मी बोलतो."

"दादा?"

"त्यांनी आधी बोलावं, मग मी बोलतो."

उजूनं कपाळाला हात लावला. शेवटी एवढंच ठरलं की पाहुणे असतील तोवर दोघांनी फक्त पाहुण्यांशी बोलायचं, एकमेकांच्या वाटेला जायचंच नाही. मी मुकी, म्हणजे माझ्यामार्फत काही जायचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं, चला, घसा बसला तेच बरं झालं.

पाहुणे आले. तिघंच होते. मुलाचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत, मोकळाढाकळा गडगडाटी माणूस. काकू अगदी मऊ, समोरच्याचं मन मोडायचं नाही अशा. आणि विश्वास, उंच, लाजाळू, सारखा शर्टाची बाही सरळ करणारा. उजू निळं पातळ नेसून आली. तिनं उप्पिटाच्या बशा फिरवल्या. मी पाणी दिलं, हसून माना डोलावल्या. उजूनं सांगितलं, वहिनीचा घसा बसलाय. काकू म्हणाल्या, "अगं बाई, हळद-दूध घ्या हो."

सुरुवात तर छान झाली. तात्यांनी विचारलं, "मग दुकानाचं सगळं कोण बघतं?"

मामंजी म्हणाले, "त्याला विचारा."

हे म्हणाले, "त्यांना विचारा."

तात्या खो खो हसले. त्यांना वाटलं, दोघंही विनयशील. मी आणि उजूनं एकमेकींकडं बघितलं आणि श्वास सोडला.

पण सवय वाईट हो. खोलीत उकडत होतं. मामंजींनी उपरण्यानं मान पुसली आणि शेजारी काकू बसल्या होत्या त्यांना सहज म्हणाले, "वहिनी, त्याला म्हणावं, पंखा लाव."

काकू दचकल्या. हे तर समोरच बसलेले. पण बाई मनमिळाऊ. ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "पंखा लावा म्हणतात."

"त्यांना म्हणावं, लाइट गेलीय."

"लाइट गेलीय म्हणतात," काकूंनी मामंजींना सांगितलं.

आता पाहुणे विचारणार, आता पाहुणे विचारणार, असं मला झालं! तात्यांनी भुवया वर केल्या आणि मांडीवर थाप मारली. "वा! कोळपकर, अजून आदब आहे म्हणायची तुमच्याकडं! पोरगा बापाला थेट तोंड वर करून बोलत नाही. आमचा बघा, येता-जाता मला शिकवतो!"

मामंजींनी खाली बघत "चालायचंच" म्हटलं. ह्यांनीही "चालायचंच" म्हटलं. उजूच्या गालावर रंग परत आला. निभावलं, निभावलं, असं मी मनात म्हणत राहिले. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणाला मला थोडा अभिमानही वाटला. आपल्या घरच्या लाजेला कुणी आदब म्हणालं की बरं वाटतं.

मग चहा आला. आणि एकेक जण घसरत गेला ते मी डोळ्यांनी बघितलं. काकू आता मामंजी आणि ह्यांच्या मधे चांगल्याच रुळल्या होत्या. नवऱ्यानं साखरेकडं हात नेला तशा मला म्हणाल्या, "ह्यांना म्हणावं, साखर बेतानं घ्या." तात्या हाताच्या अंतरावर. मी काय म्हणणार? मी साखरेचं भांडं उचललं. तात्या ह्यांना म्हणाले, "हिला म्हणावं, आजचा दिवस गोड आहे, घेऊ दे." आणि ह्यांनी मुकाट्यानं काकूंकडं वळून सांगितलं, "आजचा दिवस घेऊ दे म्हणतात." कुणालाच काही वावगं वाटलं नाही. सगळे मजेत होते. फक्त उजूचा चेहरा पुन्हा पांढरा पडत चालला होता. ती एकदा काकूंकडं बघे, एकदा तात्यांकडं.

"बरं, आता पोरांना बोलू द्या," तात्या म्हणाले. मग लेकाकडं नाही, माझ्या मामंजींकडं बघून म्हणाले, "त्याला म्हणावं, काय विचारायचं ते विचारून घे."

विश्वासनं बाही सरळ केली. उजू त्याच्या समोरच सतरंजीवर बसली होती. तो घसा खाकरून माझ्याकडं वळला.

"वहिनी, त्यांना म्हणावं, कुर्डुवाडीला करमेल का?"

खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी उजूकडं बघितलं. मला आवाज असता तर मी विचारलंही असतं, तसंच, जसंच्या तसं. सवयीनं माझे ओठ हललेही. उजूनं ते बघितलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"वहिनी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "मी इथंच बसलेय. मला विचारा."

विश्वास गडबडला. "नाही, म्हणजे मी आपलं..."

"तुमची चूक नाही. आमच्या घरातलं वारं आहे ते, तुम्हाला लागलं." मग ती तात्यांकडं वळली. "तात्या, ही आदब नाही. अण्णा आणि दादा एकमेकांशी बोलत नाहीत. माझी आई असल्यापासून बोलत नाहीत."

"उजू!" मामंजी ओरडले.

"उजू!" हेही ओरडले.

"बघा, ओरडतातसुद्धा सारखंच! बोलायचं तेवढं होत नाही." आता ती रडत होती. "आई मधे बसून बसून गेली. वहिनी आली तशी मधे बसली. तुम्हाला येऊन अर्धा तास नाही झाला, तर तुम्हीही तसंच बोलायला लागलात. कुणी शिकवलं नाही, नुसतं ऐकलं तर लागलं. आणि मी तर इथं जन्मलेय. हे घेऊन मी तुमच्या घरी येऊ का? उद्या माझी पोरं माझ्यासमोर म्हणतील, आईला म्हणावं, भूक लागलीय. मला सांगून टाकायचं होतं. मोडलं तर मोडू दे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. काकूंनी जीभ चावली आणि पदर तोंडाला लावला. बिचारीला वाटलं, आपणच काहीतरी केलं. तात्यांनी कप खाली ठेवला. मामंजींनी टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिची घडी घालत बसले, उलगडत बसले. हे पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. बाप आणि लेक एकाच वेळी एवढे सारखे मी कधी बघितले नव्हते. परक्या माणसांसमोर दोघांचं उघडं पडलं होतं आणि झाकायला कुणाजवळ एक शब्द नव्हता.

गेलं, मला वाटलं. हेही स्थळ गेलं. आता उजूचं कसं होणार?

विश्वासनं बाही सोडली. त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं.

"तुम्हाला कुर्डुवाडीला करमेल का?"

उजूनं डोळे पुसले. "तुम्ही माझ्याशी बोलत राहिलात तर करमेल."

"तुम्ही ऐकत राहिलात तर बोलत राहीन," तो म्हणाला. आणि आपण काय बोलून बसलो ते कळून असा लाजला की काकूंना रडता रडता हसू आलं.

तात्या मात्र हसले नाहीत. उठून उभे राहिले, चपला घातल्या. दारात मागं वळून म्हणाले, "कोळपकर, मुलगी पसंत आहे. याद्या करायला आमच्याकडं या. पण बापलेक दोघं मिळून या, आणि मधे कुणी नको. एकटे आलात तर चहासुद्धा मिळायचा नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

"नाही," मामंजी म्हणाले. एवढंच. मान वर झाली नाही.

पाहुणे गेले. मी बशा गोळा करत होते. मामंजी सवयीनं माझ्याकडं वळले. "मंदा, त्याला..." आणि थांबले. त्यांचा चेहरा असा झाला, मला बघवेना. म्हातारं माणूस चोरी करताना सापडावं तसा.

"भालू," ते म्हणाले.

ह्यांनी मान वर केली. "हं."

"दुकान उघडं आहे."

"हो अण्णा."

"बाहेरच्या घागरी आत घ्यायच्यात."

"घेतो."

"मी पण येतो."

"या."

दोघं पुढं गेले. मी आणि उजू दाराआड उभ्या राहून ऐकत होतो. फार काही बोलत नव्हते हो. "ती मोठी उचल." "उचलली." "सांभाळून." "हो." पण मधे कुणी नव्हतं. उजूनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी रडलो, ती मोठ्यानं आणि मी मुक्यानं. मग ती तोंड धुवायला गेली आणि मी स्वयंपाकघरात आले.

थोड्या वेळानं हे आले. उंबऱ्यात उभे राहिले. हात घागरीच्या धुळीनं माखलेले. मला वाटलं, काहीतरी निरोप असेल. मी हातातली पळी ठेवून, मान किंचित पुढं करून उभी राहिले, निरोप घ्यायला उभी राहायची तशी.

निरोप नव्हता. ह्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि सापडत नव्हतं. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आम्ही दिवसभर बोलायचो, असं मी समजत होते. पण त्यातलं 'त्यांना म्हणावं' काढून टाकलं तर उरत काय होतं? जेवायला वाढ, कंदील लाव, गेलो, आलो.

शेवटी हे म्हणाले, "तुला कसा वाटला मुलगा?"

मला! असं काही मला ह्या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला आनंद झाला, फार झाला. उत्तर द्यायला मी घाईघाईनं तोंड उघडलं. आवाज नव्हता, म्हणून ओठ नीट हलवून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, म्हणजे ह्यांना वाचता यावं.

मामंजी म्हणतात, बरा आहे.

मामंजी काहीही म्हणाले नव्हते. मुलाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. ते माझ्याच तोंडातून आलं होतं.

ह्यांनी ते ओठांवरून वाचलं. क्षणभर त्यांना कळलं नाही, मग कळलं, आणि मघाशी पाहुण्यांसमोर पडला नव्हता इतका त्यांचा चेहरा पडला. मला लाज वाटली. ह्यांची नाही, मामंजींची नाही, माझी मला. पंचवीस वर्षांची बाई मी, आणि माझ्याजवळ माझं म्हणून एक वाक्य नव्हतं.

"अण्णा काय म्हणतात ते आता मला अण्णाच सांगतील," हे हळूच म्हणाले. "मी तुला विचारतोय."

मी तशीच उभी राहिले. चांगला आहे म्हणू? पण चांगला का, कशावरून? मला काय आवडलं, काय नाही, हे मी बघितलंच कुठं होतं? मला काही सुचेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी पाठ फिरवली.

हे गेले नाहीत. धुळीचे हात तसेच घेऊन उंबऱ्यावर बसले, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी भाकरी थापायला घेतली, पहिली झाली, दुसरी झाली. हे तिथंच बसले होते.